जुने कॉम कंपोनंट आणि ॲक्टिव्हएक्स कंट्रोल सी शार्पमधून वापरताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधली एखादी डीएलएल, यंत्रासोबत सीडीवर आलेलं ओसीएक्स (ॲक्टिव्हएक्स कंट्रोलची, म्हणजे फॉर्मवर बसणाऱ्या तयार तुकड्याची फाइल), किंवा ज्याचा सोर्स कुणाकडेच उरलेला नाही असा कंपोनंट. हे सगळे कॉमचे तुकडे: कॉम म्हणजे एका भाषेत लिहिलेला कोड दुसऱ्या भाषेतून वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने केलेली जुनी व्यवस्था. नवा प्रोग्राम सी शार्पमध्ये लिहायचाय, पण हा तुकडा टाकून देता येत नाही. मग बहुतेक जण व्हिज्युअल स्टुडिओ उघडून थेट रेफरन्स जोडतात, दोन दिवस कोड लिहितात आणि तिसऱ्या दिवशी 'क्लास नॉट रजिस्टर्ड'वर येऊन अडकतात. मग रेफरन्स काढ, पुन्हा घाल, मशीन रीस्टार्ट कर.

यात कोड क्वचितच चुकलेला असतो, चुकतो तो क्रम. कुठल्या बिटचं (३२ की ६४) काम आहे हे आधी ठरवायचं, मग नोंदणी (कंपोनंट कुठे आहे ते विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिणं), मग रॅपर (सी शार्प आणि कंपोनंट यांच्यातला दुभाषा), आणि कोड त्यानंतर. प्रत्येक टप्प्याखाली तपासणी दिली आहे. ती पार पडल्याशिवाय पुढे सरकू नका.

उदाहरण म्हणून मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम घेतोय, कारण यातल्या बहुतेक चुका मी तिथेच केल्या आहेत. त्यात चार जुन्या गोष्टी होत्या: काट्याकडून सिरियल पोर्टवरून वजन वाचणारं एमएसकॉम कंट्रोल, गाड्यांची यादी दाखवणारा एमएसफ्लेक्सग्रिड, निव्वळ वजन आणि वजावट काढणारी व्हीबी ६ ची डीएलएल, आणि रोजचा रिपोर्ट बनवायला एक्सेल. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

## तयारी: आधी यादी, मग गाळणी

जुना प्रोग्राम ज्या मशीनवर आज चालू आहे, त्या मशीनवर जाऊन बसा. तो कोणत्या डीएलएल आणि ओसीएक्स लोड करतो ते प्रोसेस एक्सप्लोररमध्ये दिसतं. प्रत्येक फाइलचा मार्ग, आवृत्ती आणि तारीख लिहून घ्या. सोबत एलआयसी (लायसन) किंवा टीएलबी (टाइप लायब्ररी, म्हणजे कंपोनंटमध्ये काय काय आहे त्याची यादी) एक्सटेन्शनची फाइल असेल तर तीही उचला. व्हीबीचा सोर्स मिळत असेल तर प्रोजेक्ट फाइल उघडून पाहा, सगळे रेफरन्स आणि कंट्रोल तिच्या सुरुवातीच्या ओळींतच लिहिलेले असतात.

मग गाळणी लावा. ज्याला डॉटनेटमध्ये सरळ पर्याय आहे ते जुनं सोबत आणू नका. एमएसकॉमच्या जागी सिरियलपोर्ट क्लास आहे, विन्सॉकच्या जागी सॉकेट क्लास, कॉमन डायलॉगच्या जागी ओपनफाइलडायलॉग, फाइलसिस्टिमऑब्जेक्टच्या जागी सिस्टिम आयओ. काट्याच्या चार गोष्टींतून एमएसकॉम इथेच गळालं.

ते गाळताना मी एक ठेच खाल्ली. एमएसकॉमचा ऑनकॉम इव्हेंट फॉर्मच्याच थ्रेडवर यायचा, म्हणून वजन थेट टेक्स्टबॉक्समध्ये टाकता यायचं. सिरियलपोर्टचा डेटारिसीव्ह्ड इव्हेंट दुसऱ्या थ्रेडवर येतो, त्यामुळे टेक्स्टबॉक्सला हात लावण्याआधी इन्व्होक करून काम फॉर्मच्या थ्रेडवर न्यावं लागतं. शिवाय एका इव्हेंटमध्ये वजनाची पूर्ण ओळ येईलच याची खात्री नाही. '१८' एका इव्हेंटला आणि '४५०' पुढच्याला, असं होतं. आलेली अक्षरं साठवत राहा आणि ओळ संपल्याची खूण आली की मगच आकडा वाचा.

शेवटची तयारी म्हणजे एक कोरं व्हर्च्युअल मशीन. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ नाही, व्हीबी नाही, ऑफिससुद्धा नाही. त्याचा स्नॅपशॉट काढून ठेवा. तुमच्या स्वतःच्या मशीनवर इतकं काही नोंदवलेलं असतं की तिथे चालल्याने काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा १: बिट ठरवा

३२ बिटी डीएलएल ६४ बिटी प्रोसेसमध्ये लोड होत नाही. यावर कोणतीही सेटिंग, कोणताही ॲडमिन अधिकार चालत नाही. व्हीबी ६ फक्त ३२ बिटीच फाइल बनवतं, त्यामुळे तुमची डीएलएल व्हीबी ६ ची असेल तर प्रश्न तिथेच सुटला. इतर फाइलींसाठी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये डम्पबिन ही आज्ञा हेडर्स पर्यायासह चालवा. मशीनच्या ओळीत एक्स ८६ दिसलं तर ३२ बिटी, एक्स ६४ दिसलं तर ६४ बिटी.

कंपोनंट ३२ बिटी असेल तर प्रोजेक्टच्या बिल्ड सेटिंगमध्ये प्लॅटफॉर्म टार्गेट 'एक्स ८६' करा. 'एनी सीपीयू' ठेवू नका. डॉटनेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टात 'प्रिफर ३२ बिट'ची खूण आधीच असायची, म्हणून जुन्या प्रोजेक्टात एनी सीपीयू ठेवूनही सगळं चालून गेलं. तोच प्रोजेक्ट डॉटनेट ६ किंवा ८ वर नेला की प्रोग्राम ६४ बिटी होऊन चालू लागतो आणि कंपोनंट सापडेनासा होतो. लोक दोष आवृत्तीला देतात, पण बदललेलं असतं ते फक्त बिट.

खबरदारी: हे सेटिंग एक्झीच्या प्रोजेक्टात करायचं असतं. क्लास लायब्ररीला एक्स ८६ करून एक्झी एनी सीपीयू ठेवली तर उलट नवा गोंधळ होतो. लायब्ररीच लोड होत नाही आणि एरर भलतीकडे बोट दाखवते. आयआयएसमध्ये चालणारा प्रोग्राम असेल तर ॲप्लिकेशन पूलमध्ये '३२ बिट ॲप्लिकेशन्स' चालू करावं लागतं.

प्रोग्राम ६४ बिटीच ठेवणं भाग असेल तर वाट एकच: जुनी डीएलएल स्वतंत्र ३२ बिटी प्रोसेसमध्ये चालवायची आणि तिच्याशी बाहेरून बोलायचं. कॉम्पोनंट सर्व्हिसेसमध्ये कॉम प्लस ॲप्लिकेशन बनवून किंवा रजिस्ट्रीत डीएलएल सरोगेट (डीएलएल आपल्यात चालवणारी विंडोजची प्रोसेस) नेमून हे करता येतं. प्रत्येक कॉल प्रोसेसची सीमा ओलांडणार, त्यामुळे लूपमध्ये हजारदा हाक मारणारा कोड रांगायला लागेल. फॉर्मवर दिसणाऱ्या कंट्रोलसाठी ही वाट उपयोगाची नाही.

तपासणी: रिकामा प्रोग्राम चालवून एन्व्हायर्न्मेंट क्लासची 'इज ६४ बिट प्रोसेस' ही किंमत छापा. टास्क मॅनेजरवरून अंदाज बांधू नका, प्रोग्रामलाच विचारा.

## टप्पा २: नोंदणी, आणि डॉटनेटशिवाय चाचणी

फाइल आधी तिच्या कायमच्या जागी ठेवा, मग नोंदवा. उलट क्रमाने केलं तर रजिस्ट्रीत डाउनलोड्स फोल्डरचा मार्ग कोरला जातो, आणि कुणीतरी ते फोल्डर साफ केलं की प्रोग्राम बंद.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रेगएसव्हीआर३२ पूर्ण मार्गासह चालवा. नावं उलटी वाटतील: ६४ बिटी विंडोजमध्ये ६४ बिटी फाइली सिस्टिम३२ फोल्डरात असतात आणि ३२ बिटी फाइली सिसवॉव६४ मध्ये. म्हणजे ३२ बिटी ओसीएक्ससाठी सिसवॉव६४ मधला रेगएसव्हीआर३२. हे नामकरण ज्याने केलं त्याला काट्यावर एक रात्रपाळी द्यावी असं मला अनेकदा वाटलं आहे.

एक्झी स्वरूपातला कॉम सर्व्हर असेल तर रेगएसव्हीआर३२ चालत नाही. ती एक्झी सहसा 'रेगसर्व्हर' पर्याय देऊन एकदा चालवायची असते.

नेहमीची चूक: कॉम डीएलएलवर रेगॅझम चालवणं. ते साधन उलट दिशेचं आहे, डॉटनेटची असेंब्ली (डॉटनेटमध्ये बनवलेली डीएलएल किंवा एक्झी) जुन्या कॉम प्रोग्रामांना दिसावी म्हणून वापरायचं. त्याचप्रमाणे रेगएसव्हीआर३२ म्हणालं की 'डीएलएलरजिस्टरसर्व्हर' सापडत नाही, तर तुम्ही बहुधा भलतीच फाइल दिली आहे: डॉटनेटची असेंब्ली किंवा कॉमशी संबंध नसलेली साधी डीएलएल. 'मॉड्यूल लोड झालं नाही' असं म्हणालं तर दिलेला मार्ग आधी तपासा. तो बरोबर असेल तर फाइल आहे, पण ती ज्या दुसऱ्या फाइलींवर अवलंबून आहे त्यांतली एखादी बहुधा नाही.

तपासणी: ही सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. स्टार्ट मेनूतून 'विंडोज पॉवरशेल (एक्स ८६)' उघडा, 'न्यू ऑब्जेक्ट' आज्ञा 'कॉमऑब्जेक्ट' पर्यायासह द्या आणि पुढे कंपोनंटचा प्रोगआयडी (रजिस्ट्रीतलं त्याचं नाव) लिहा. ऑब्जेक्ट तयार झाला तर 'गेट मेंबर' लावून मेथड दिसतात का पाहा. इथे चाललं म्हणजे नोंदणी ठीक आहे आणि पुढची प्रत्येक अडचण तुमच्या प्रोजेक्टातली. इथेच चाललं नाही तर व्हिज्युअल स्टुडिओ उघडायची गरजच नाही. हीच आज्ञा साध्या, म्हणजे ६४ बिटी पॉवरशेलमध्ये देऊन बघा. ३२ बिटी डीएलएल असेल तर तिथे ८००४०१५४, म्हणजे 'क्लास नॉट रजिस्टर्ड', येईल. तुमचा प्रोग्राम एनी सीपीयूवर हेच म्हणत होता.

फॉर्मवर बसणारी काही कंट्रोल या चाचणीत नापास होतात, कारण त्यांना बसायला जागा लागते. त्यांच्यासाठी रजिस्ट्रीतला मार्ग तपासण्यावर समाधान माना. ३२ बिटी नोंद क्लासेस रूटखाली वॉव६४३२नोडच्या सीएलएसआयडीत (क्लासच्या ओळख क्रमांकांच्या यादीत) असते. तिथल्या 'इनप्रॉकसर्व्हर३२'मध्ये मार्ग आणि थ्रेडिंग मॉडेल दोन्ही दिसतात. थ्रेडिंग मॉडेल काय आहे ते लिहून ठेवा, टप्पा ६ ला लागेल.

## टप्पा ३: रॅपर एकदाच बनवा आणि जपून ठेवा

सी शार्पला कॉमची टाइप लायब्ररी थेट कळत नाही, मध्ये दुभाषा लागतो. डीएलएलसाठी तो टीएलबीइम्प बनवतं, कंट्रोलसाठी एएक्सइम्प. एएक्सइम्प दोन फाइली देतं: एक साधी इंटरऑप असेंब्ली, दुसरी नावापुढे 'एएक्स' लागलेली, जिच्यातलं कंट्रोल फॉर्मवर बसतं. दोन्ही लागतात.

व्हिज्युअल स्टुडिओत ॲड रेफरन्सच्या कॉम टॅबवरून हेच आपोआप होतं, म्हणून लोक तिकडून जातात. मी जात नाही, दोन कारणांनी. पहिलं, मग बिल्ड करणाऱ्या प्रत्येक मशीनवर कंपोनंट नोंदवलेला लागतो. दुसरं, नव्या डॉटनेटमध्ये कमांड लाइनवरून 'डॉटनेट बिल्ड' चालवलं की कॉम रेफरन्स असलेला प्रोजेक्ट एमएसबी४८०३ ही एरर देऊन थांबतो. तो प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या एमएसबिल्डनेच बनतो. त्यापेक्षा हाताने एकदा टीएलबीइम्प किंवा एएक्सइम्प चालवा, आलेल्या डीएलएल प्रोजेक्टात 'लिब' फोल्डरात ठेवा, सोर्स कंट्रोलमध्ये चढवा, आणि रेफरन्स त्या फाइलचा द्या. टीएलबीइम्पला नेमस्पेस पर्याय देऊन नाव तुमच्या मनासारखं ठेवता येतं.

'एम्बेड इंटरऑप टाइप्स' (रॅपरमधले लागणारे टाइप तुमच्याच प्रोग्रामात घालणारं सेटिंग) साध्या डीएलएलसाठी चालू ठेवलेलं चालतं. फक्त मग ऑब्जेक्ट बनवताना शेवटी 'क्लास' लागलेलं नाव वापरू नका. सीएस१७५२ ही कंपायलरची तक्रार याचसाठी असते, इंटरफेसचं नाव वापरलं की ती जाते. एएक्स असेंब्लीसाठी मात्र एम्बेड बंदच हवं.

खबरदारी: जुनी डीएलएल अजून कुणी व्हीबीमध्ये बदलून पुन्हा बनवत असेल, तर त्यांच्या प्रोजेक्टात 'बायनरी कम्पॅटिबिलिटी' चालू आहे का ते आज विचारा. नसेल तर प्रत्येक बिल्डला व्हीबी नवे ओळख क्रमांक पाडतं, आणि तुमचं रॅपर जुन्याच क्रमांकाला हाक मारत राहतं. फाइलचं नाव तेच, मेथड त्याच, पॉवरशेलमध्येही चालतं, फक्त तुमच्या प्रोग्रामात चालत नाही. असं दिसलं की कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

## टप्पा ४: डीएलएलशी बोलताना टाइप नीट बघा

इथे थोडं थांबू, कारण इथल्या चुका एरर देत नाहीत, आकडे चुकवतात.

व्हीबी ६ चा इंटिजर १६ बिटी असतो, रॅपरमध्ये तो शॉर्ट होऊन येतो. व्हीबीचा लाँग म्हणजे सी शार्पचा इंट. काट्याच्या डीएलएलमध्ये कुण्या काळी एका मेथडला वजन इंटिजर म्हणून दिलं होतं, किलोत. १६ बिटी इंटिजरची मर्यादा ३२,७६७. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या काळात ती कधी आड आली नाही. मी कंपायलर गप्प बसावा म्हणून इंटचं शॉर्ट करून टाकलं. ३३,००० किलोचा भरलेला ट्रक आला, सी शार्पने मुकाट्याने -३२,५३६ पाठवले आणि पावतीवर निव्वळ वजन उणे छापलं गेलं. गाडीवान हसत होता, मी नव्हतो. असं रूपांतर करायचंच असेल तर 'चेक्ड' ब्लॉकमध्ये करा, म्हणजे निदान एरर येईल. डीएलएलचा सोर्स असेल तर तिकडेच लाँग करा.

दुसरा सापळा बाय रेफचा, म्हणजे नुसती किंमत न पाठवता व्हेरिएबलच पाठवण्याचा. व्हीबी ६ मध्ये काही न लिहिलेला पॅरामीटर बाय रेफ असतो, त्यामुळे रॅपरमध्ये जवळपास प्रत्येक पॅरामीटरपुढे 'रेफ' दिसेल. कॉम इंटरफेसच्या कॉलमध्ये सी शार्प 'रेफ' गाळायची मुभा देतं. ती घेतली तर कंपायलर तात्पुरता व्हेरिएबल पाठवतो. जी मेथड वजावट पॅरामीटरमधूनच परत देते, तिचं उत्तर त्या तात्पुरत्या व्हेरिएबलसोबत हवेत जातं. तुमच्या हातात शून्यच. मी आता नियम केलाय: रॅपरमध्ये 'रेफ' आहे तर कॉलमध्येही 'रेफ', वाचायला कितीही गचाळ दिसो.

बाकीचं भराभर. करन्सी डेसिमल होऊन येते, ठीक. व्हेरियंट ऑब्जेक्ट होऊन येतो. त्यात रिकामं असेल तर नल मिळतो, पण व्हीबीचा नल असेल तर डीबीनल मिळतो, म्हणून दोन्ही तपासा. तारीख ३० डिसेंबर १८९९ दिसली तर ती तारीख नाही, न भरलेली किंमत आहे. व्हीबीतून १ पासून सुरू होणारा ॲरे व्हेरियंटमधून आला तर तो ऑब्जेक्टच्या साध्या ॲरेत कास्ट होत नाही. तो सिस्टिम ॲरे म्हणून घ्या आणि सुरुवात गेटलोअरबाउंडला विचारा. एक्सेलच्या रेंजमधून येणारा दुहेरी ॲरेही १ पासूनच मोजला जातो.

तपासणी: जुन्या प्रोग्रामातून गेल्या हंगामातल्या पन्नासेक पावत्या घ्या, तेच आकडे नव्या कोडमधून डीएलएलला द्या, उत्तरं जुळवा. सगळ्यात जड गाडी, शून्य वजन आणि रिकामी तारीख त्यात हवीच.

## टप्पा ५: कंट्रोल फॉर्मवर बसवणं

व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ स्वतः ६४ बिटी आहे. त्यामुळे ३२ बिटी ओसीएक्स त्याच्या नेहमीच्या डिझायनरवर ओढून टाकता येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पर्यंत हे जमायचं, कारण तो ३२ बिटी होता. कंट्रोल खराब आहे असं समजून लोक ते पुन्हा पुन्हा नोंदवत बसतात. गरज नाही, कंट्रोल कोडमधून बनवता येतं. फक्त क्रम हाच ठेवा:

१. एएक्स क्लासचा ऑब्जेक्ट बनवा.
२. त्याचं बिगिनइनिट बोलवा. त्यासाठी आयसपोर्टइनिशियलाइझमध्ये कास्ट करावं लागतं.
३. नाव, जागा आणि आकार द्या.
४. फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये घाला.
५. एंडइनिट बोलवा.
६. मग आणि मगच कंट्रोलच्या स्वतःच्या प्रॉपर्टी: ओळी, रकाने, रंग.

सहावी पायरी चौथीच्या आधी केली की 'इनव्हॅलिड ॲक्टिव्हएक्स स्टेट' येतं. कंट्रोलचा खरा जीव फॉर्मवर बसल्यावरच जन्माला येतो, त्याआधी तुम्ही नुसत्या टरफलाशी बोलत असता.

फ्लेक्सग्रिडवाल्यांसाठी तीन गोष्टी. व्हीबीत टेक्स्टमॅट्रिक्सला कंसात ओळ-रकाना देऊन सरळ किंमत टाकता यायची. एएक्स रॅपरमध्ये ती प्रॉपर्टी सापडत नाही, तिथे 'सेट टेक्स्टमॅट्रिक्स' आणि 'गेट टेक्स्टमॅट्रिक्स' अशा दोन मेथड असतात. रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये नसते, ट्विप्समध्ये असते. इंचाला १४४० ट्विप्स, म्हणजे ९६ डीपीआयवर एका पिक्सेलला १५. कुणी रुंदी १०० दिली की रकाना सात पिक्सेलचा होतो आणि 'डेटा येत नाही' म्हणून फोन येतो. तिसरी गोष्ट इव्हेंटची: क्लिक हे नाव डॉटनेटच्या कंट्रोलने आधीच घेतलेलं आहे, म्हणून एएक्सइम्प ओसीएक्सच्या इव्हेंटला 'क्लिकइव्हेंट' म्हणतं. साध्या 'क्लिक'ला हँडलर जोडून काही उपयोग होत नाही.

लायसनचा अडथळा: विकत घेतलेली बरीच ॲक्टिव्हएक्स कंट्रोल डिझाइनच्या वेळी एलआयसी फाइल किंवा रजिस्ट्रीतली किल्ली मागतात. तुमच्या मशीनवर ती असते, ग्राहकाच्या नसते, आणि तिथे ८००४०११२ येतं. कोडमधून बनवलेल्या कंट्रोलला हे हमखास चावतं. कारण डिझायनरवर कंट्रोल टाकलं की प्रोजेक्टात लायसन्सेस नावाची एलआयसीएक्स फाइल आपोआप येते, कोडमधून बनवलं की येत नाही. ती नोंद हाताने घाला. आणि मूळ लायसन कंपनीच्या कुठल्या कपाटात आहे ते आताच शोधून ठेवा.

## टप्पा ६: थ्रेड

टप्पा २ मध्ये थ्रेडिंग मॉडेल 'अपार्टमेंट' दिसलं असेल, व्हीबी ६ चं तसंच असतं, तर त्या ऑब्जेक्टला एसटीए थ्रेड हवा, म्हणजे त्याचे सगळे कॉल ज्या एकाच थ्रेडवर येतात असा. विंडोज फॉर्म्समध्ये मेनवर एसटीएथ्रेड ॲट्रिब्यूट असतं, तिथे हात लावू नका. कन्सोल प्रोग्रामात ते स्वतः लिहावं लागतं. नव्या टेम्प्लेटमध्ये मेनच दिसत नाही, म्हणून आधी मेन लिहा, मग त्यावर ॲट्रिब्यूट. मेन असिंक करू नका, अवेटनंतरचा कोड पूलमधल्या थ्रेडवर जातो आणि तो एमटीए (अनेक थ्रेडना मोकळा) असतो.

टास्क रनमध्ये कॉमचा ऑब्जेक्ट बनवणं ही इथली नेहमीची चूक. चालतं, म्हणून लोकांना वाटतं बरोबर आहे. खरं तर विंडोज मागे एक यजमान थ्रेड उभा करून प्रत्येक कॉल तिकडे वळवत असतं, आणि सगळे कॉल एकामागे एक रांगेत लागतात. पार्श्वभूमीला काम हवंच असेल तर स्वतः थ्रेड बनवा, स्टार्ट करण्याआधी सेटअपार्टमेंटस्टेटने एसटीए ठरवा, आणि ऑब्जेक्ट बनवणं, वापरणं, सोडणं तिन्ही त्याच थ्रेडवर करा. त्या ऑब्जेक्टकडून इव्हेंट यायचे असतील तर थ्रेडवर मेसेज लूप चालू हवा, नाहीतर इव्हेंट येत नाहीत किंवा प्रोग्राम गोठतो.

## टप्पा ७: वापरून झाल्यावर सोडणं

गाळप हंगामात दर तासाला एक्सेल रिपोर्ट काढायचा कोड मी लिहिला. सकाळी टास्क मॅनेजर उघडला तर एक्सेलच्या अकरा प्रोसेस मांडी घालून बसलेल्या. क्विट बोलावलं होतं, तरीही.

कारण असं की डॉटनेटकडे एक्सेलच्या एकाही ऑब्जेक्टचा रॅपर जिवंत असेल तर एक्सेल जात नाही. एका ओळीत ॲप्लिकेशन, वर्कबुक्स, ओपन अशी साखळी लिहिली की मधल्या वर्कबुक्सचा रॅपर तयार होतो आणि तो तुमच्या हातात नसतो.

मला टिकाऊ वाटलेली पद्धत: एक्सेलचं सगळं काम एका वेगळ्या मेथडमध्ये ठेवा. ती मेथड क्लोज आणि क्विट करून परत येऊ द्या. बोलावणाऱ्या मेथडमध्ये जीसी कलेक्ट आणि वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स ही (वापरात नसलेले ऑब्जेक्ट मोकळे करणारी) जोडी दोनदा चालवा. एकाच मेथडमध्ये सगळं कोंबलं तर डीबग बिल्डमध्ये लोकल व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत धरले जातात, आणि कलेक्टचा काही परिणाम दिसत नाही.

मार्शलचं रिलीज कॉमऑब्जेक्ट हातात आलं म्हणून दिसेल तिथे वापरू नका. एका कॉम ऑब्जेक्टसाठी रॅपर एकच असतो. तुम्ही इथे सोडला की दुसरीकडे तोच धरून बसलेला कोड 'रॅपरपासून वेगळा झालेला ऑब्जेक्ट वापरता येत नाही' अशा अर्थाची एरर देऊन पडतो. फॉर्मवरच्या कंट्रोलला तर हे लावूच नका, त्याला डिस्पोज पुरे.

खबरदारी: सर्व्हरवर, कुणी लॉगइन नसताना एक्सेल चालवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. एखादा डायलॉग उघडतो, बघायला कुणी नसतं, आणि काम तिथेच लटकतं. तिथे थेट एक्सएलएसएक्स फाइल लिहिणारी लायब्ररी वापरा.

## टप्पा ८: मराठी मजकूर

कॉममधून जाणारी स्ट्रिंग युनिकोडच असते, त्यामुळे सी शार्पमधलं 'ऊस' डीएलएलपर्यंत धड पोचतं. घोटाळा त्यापुढे होतो. व्हीबी ६ ची लेबलं, टेक्स्टबॉक्स, फाइलमध्ये लिहिणं आणि विंडोजला मारलेल्या हाका मजकूर आन्सीत (विंडोजच्या जुन्या, भाषेगणिक वेगळ्या अक्षरसंचात) उतरवतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये आन्सी कोडपेजच नाही. म्हणून प्रादेशिक सेटिंग मराठी केलं तरी तिथे प्रश्नचिन्हंच उमटतात. या वाटेने मराठी दाखवायचा हट्ट सोडा. कंपोनंटकडून आकडे आणि कोड घ्या, मराठी मजकूर डॉटनेटच्या कंट्रोलमध्ये दाखवा.

जुन्या डेटाबेसातली गावांची आणि शेतकऱ्यांची नावं बहुधा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत असतात. ग्रिडला तो फॉन्ट दिलाय म्हणून मराठी दिसतं, आतली अक्षरं मात्र रोमन आणि चिन्हं. नव्या टेक्स्टबॉक्समध्ये ती आली की अगम्य कचरा दिसतो. हा दोष कॉमचा नाही आणि रॅपर बदलून जाणार नाही. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून डेटा आधी युनिकोडमध्ये आणा, वेगळं काम म्हणून. र्‍ह, र्‍य आणि रफार असलेली नावं मात्र डोळ्यांनी तपासा.

## टप्पा ९: दुसऱ्या मशीनवर नेणं

काढून ठेवलेलं कोरं मशीन आता उघडा. कंपोनंट तुमच्या प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवा, विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात टाकू नका. प्रोग्राम एक्स ८६ असेल तर डॉटनेटचा डेस्कटॉप रनटाइमही एक्स ८६ चाच हवा. ६४ बिटी रनटाइम आधीच आहे म्हणून हे वगळलं की प्रोग्राम 'डॉटनेट इन्स्टॉल करा' म्हणत राहतो आणि समोरचा माणूस 'आहे की!' म्हणत राहतो.

नोंदणी इन्स्टॉलरकडून करून घ्या, किंवा नोंदणीच टाळा: मॅनिफेस्ट फाइलमध्ये क्लासची माहिती लिहिली की विंडोज रजिस्ट्री न बघता शेजारची डीएलएल उचलतं. दोन प्रोग्राम एकाच ओसीएक्सच्या दोन आवृत्त्या मागत असतील तर ही पद्धत भांडण मिटवते. एक्झी सर्व्हरला ती लागू नाही.

जुन्या सीडीवरचं एमएसकॉमसीटीएल ओसीएक्स (लिस्टव्ह्यू, ट्रीव्ह्यू वगैरे कंट्रोलची फाइल, एमएसकॉम नव्हे) उचलून ग्राहकाच्या मशीनवर नोंदवू नका. त्यातल्या गंभीर सुरक्षा दोषासाठी एप्रिल २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली होती. सीडीवरची फाइल त्याआधीची असणार.

शेवटची तपासणी: कोऱ्या मशीनवर ॲडमिन नसलेल्या साध्या लॉगइनने प्रोग्राम चालवा, पावती काढा, रिपोर्ट काढा, बंद करा, टास्क मॅनेजर बघा. मग मशीन रीस्टार्ट करून हेच पुन्हा.

## एरर आली तर कुठल्या टप्प्यावर परतायचं

८००४०१५४ आला की टप्पा १, मग २. थेट नोंदणीकडे धावू नका, निम्म्या वेळा बिटच चुकलेलं असतं. ८००७००सी१ किंवा 'बॅड इमेज फॉरमॅट' म्हणजे नक्कीच टप्पा १. ८०००४००२, म्हणजे इंटरफेस मिळाला नाही: टप्पा ३ मधली बायनरी कम्पॅटिबिलिटी, तिथे काही नसेल तर टप्पा ६. ८००४०११२ म्हणजे लायसन, टप्पा ५. ८००१०००१ एक्सेलकडून येतो, तो कामात आहे किंवा कुणीतरी सेलमध्ये टाइप करत बसलंय. थोडं थांबून पुन्हा हाक मारा, आणि काट्यावरच्या माणसाला एक्सेल बंद करायला सांगा.